शिनजियांगवर नुसती चर्चाही नको? भारताच्या तटस्थ मताबद्दल

रानजाई

परवा एका साखरपुड्यात जेवणाच्या पंगतीत यावरून वाद झाला, तो अर्धवट राहिला म्हणून इथे मांडते.

६ ऑक्टोबर २०२२ ला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेपुढे एक प्रस्ताव होता. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइघुर मुस्लिमांच्या परिस्थितीवर पुढच्या सत्रात चर्चा करायची, एवढाच. निषेध नाही, निर्बंध नाहीत, चौकशी समितीही नाही. बाजूने १७, विरोधात १९, तटस्थ ११. प्रस्ताव पडला. त्या अकरांत आपण होतो.

चर्चा होणार होती ती संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त मिशेल बाशेले यांच्या अहवालावर. उच्चायुक्तपदाची मुदत संपायला काही मिनिटं उरली असताना, ३१ ऑगस्टच्या रात्री त्यांनी तो प्रसिद्ध केला. 'व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रां'त लोकांना मनमानीपणे डांबलं गेलं आणि हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असं त्यात लिहिलंय. त्याआधी २०१७ मध्ये तिथल्या सरकारनं कट्टरतेची लक्षणं कायद्यातच घातली होती: बुरखा, 'असामान्य' दाढी, सरकारी रेडिओ-टीव्ही नाकारणं. मुलाचं नाव काय ठेवलं तेसुद्धा.

राहिले दावूत यांचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. लोकसंस्कृतीच्या उइघुर अभ्यासक, शिनजियांगची राजधानी उरुम्ची इथल्या विद्यापीठात प्राध्यापक. खेडोपाडी फिरून दर्ग्यांच्या यात्रा, गाणी, नवस टिपून ठेवणारी बाई. एकेकाळी त्यांच्या कामाला चिनी सरकारचंच अनुदान होतं. डिसेंबर २०१७ मध्ये त्या गायब झाल्या. जन्मठेप झाल्याचं बाहेर कळलं ते २०२३ मध्ये.

माझं म्हणणं: आपण बाजूने मत द्यायला हवं होतं.

घाटमाथा

पंगतीत असं मत देणं सोपं असतं हो. तेव्हा लडाखमध्ये दोन्हीकडचं सैन्य समोरासमोर उभं होतं. एका देशाचं नाव घेऊन आणलेल्या ठरावांबाबत भारत पहिल्यापासून हात राखून असतो, कारण आज शिनजियांग, उद्या काश्मीर. आणि ज्यांना धर्मबंधू म्हणायचं ते पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, अमिरात सगळे *विरोधात* गेले. आपण निदान तटस्थ राहिलो.

रानजाई

@घाटमाथा, 'पहिल्यापासून' हे खरं नाही. २०१२ आणि २०१३ ला श्रीलंकेविरुद्धच्या ठरावांच्या बाजूने आपण मत दिलं होतं. तामिळनाडूतून रेटा होता म्हणून दिलं. उइघुरांचा इथे मतदारसंघ नाही, इतकंच. आणि 'उद्या काश्मीर' म्हणता, तो उद्या येऊन गेला की! ऑगस्ट २०१९ मध्ये चीननंच काश्मीरचा विषय सुरक्षा परिषदेच्या बंद दाराआड नेला. मग गप्प राहून काय मिळवलं?

गंमत म्हणजे मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या परराष्ट्र खात्यानं सांगितलं, शिनजियांगच्या लोकांच्या मानवाधिकारांचा आदर व्हायला हवा. हात वर करायचा नाही, पण नंतर बाहेर येऊन बोलायचं.

वेशीबाहेर

सगळं पाश्चात्त्यांच्या चष्म्यातून चाललंय. २०१४ मध्ये चीनमधल्या कुनमिंग स्टेशनवर शिनजियांगच्या फुटीरतावाद्यांनी सुरे घेऊन ३१ जणांना कापलं, ते कुणी लिहीत नाही. २००९ ची उरुम्चीची दंगल विसरलात? आणि हीच अमेरिका, हिनं २२ उइघुर ग्वांतानामोच्या लष्करी तुरुंगात कोंडले होते. कुठलाही गुन्हा शाबीत न होता. आता त्यांना पान्हा फुटलाय.

काजबटण

@वेशीबाहेर, ग्वांतानामोचं अगदी मान्य. पण कुनमिंगच्या मारेकऱ्यांना शिक्षा करणं वेगळं आणि सबंध जमातीची दाढी मोजणं वेगळं. चीनच्याच आकडेवारीत शिनजियांगचा जन्मदर २०१७ मध्ये हजारी १५.८८ होता, २०१९ मध्ये ८.१४. दोन वर्षांत निम्मा. हा दहशतवादाचा बंदोबस्त म्हणायचा का?

मी मात्र दुसरंच सांगायला आलो. कपडे निर्यातीत आहे, अंधेरीत. चीनच्या कापसातला ८० टक्क्यांहून जास्त शिनजियांगचा. जून २०२२ पासून अमेरिकेचा कायदा असा, की तिथला माल सक्तीच्या मजुरीचा नाही हे आयात करणाऱ्यानं सिद्ध करायचं, नाहीतर माल बंदरात अडकणार. आमची ट्राउझरची ऑर्डर होती. कापड इथलं, सूत इथलं, यवतमाळकडच्या जिनिंगपासून गठाणींचे लॉट नंबर फाइलला लावलेले. आणि अडलं कुठे, तर खिशाच्या आतल्या अस्तराला! ते चीनहून यायचं. पुरवठादाराच्या कागदावर नुसतं 'चायना कॉटन'. कुठल्या जिल्ह्याचं विचारलं तर तीन दिवस उत्तर नाही. शेवटी भिवंडीचं कापड घेतलं, पिसामागे भाव वाढला, मालक आठवडाभर तोंड फुगवून होते.

त्या अस्तरानं मला जिनिव्हापेक्षा जास्त शिकवलं. मतदानानं काही हलत नाही, बंदरात कंटेनर अडला की हलतं. तरी एक शंका आहेच: तिकडे कुणी स्वखुशीनं कापूस वेचत असेल, तर त्याचीही मजुरी बुडाली ना?

वेशीबाहेर

म्हणजे शेवटी फायदा भिवंडीचा. मानवाधिकारांची जय!

काजबटण

झालाच की. नाही कुठे म्हटलं?

सिंधुतीर

लेहमध्ये काही वर्षं नोकरीला होते. तिथल्या जुन्या बाजारात शिनजियांगमधल्या यारकंदचे व्यापारी काराकोरम ओलांडून रेशीम, नमदे, चरस घेऊन यायचे. त्यातल्या काहींनी तिथेच लग्नं केली, त्यांच्या वंशजांना आर्गोन म्हणतात. १९४९ मध्ये चिनी कम्युनिस्ट आले तेव्हा उइघुर नेते इसा युसुफ आल्पतेकिन आणि सोबतचे लोक याच वाटेनं लडाखात उतरून श्रीनगरला गेले. तेव्हा वाट खुली होती.

आता रानजाईताई, तुम्हाला एक विचारते. जून २०१३ मध्ये तीन उइघुर भाऊ तशीच सीमा ओलांडून लडाखात आले आणि पकडले गेले. बेकायदा प्रवेशाची शिक्षा दीड वर्षाची. ती भोगून झाल्यावर त्यांच्यावर खटल्याविना डांबून ठेवता येणारा जनसुरक्षा कायदा लावला, पुन्हा पुन्हा लावला, आणि वर्षानुवर्षं ते तुरुंगातच राहिले. तुमच्या पंगतीत यावर कुणी बोललं का? जिनिव्हातल्या मतापेक्षा हे तर आपल्याच हातात होतं.

रानजाई

नाही. मलाच हे माहीत नव्हतं. २०१६ मध्ये धर्मशाळेच्या परिषदेसाठी परदेशात राहणारे उइघुर नेते दोल्कुन इसांना आधी व्हिसा दिला आणि मग रद्द केला, तेवढंच आठवत होतं. धाग्याचं शीर्षक चुकलं म्हणायचं.

घाटमाथा

सिंधुतीर, सोडून द्यायचं म्हटलं तरी पाठवणार कुठे? चीनच्या सीमेवरून आलेला माणूस, हेर की निर्वासित हे कोण ठरवणार? थायलंडनं काय केलं पाहा. २०१५ मध्ये शंभरावर लोक चीनच्या ताब्यात दिले, फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी ४०. ते दहा वर्षांहून जास्त डांबून ठेवलेले होते.

सिंधुतीर

म्हणून तर विचारतेय. परत पाठवू नये, एवढं तरी तुम्हाला मान्य आहे का?

घाटमाथा

आहे. तेवढं मान्य. मतदानाबद्दल मात्र मत तेच.