पीएमआर: वायसोलोन ७.५ च्या खाली उतरताना अडलंय, सल्ला हवा

प्राजक्त
आईचं वय ६८, पॉलिमायाल्जिया रुमॅटिका (पीएमआर, खांदे-मांड्या आखडवणारा दाहाचा आजार). सुरुवात १५ मिग्रॅ प्रेडनिसोलोनने (म्हणजे वायसोलोन, स्टेरॉइडची गोळी), अकरा महिन्यांनी आता ७.५ वर. ७.५ चं थेट ५ केलं की आठव्या-दहाव्या दिवशी अंग मोडून येतं, जिना चढवत नाही. दाह दाखवणारे रक्ताचे रिपोर्ट: सीआरपी ४, ईएसआर २२. आजार परत उसळला म्हणायचं की गोळी कमी केल्याचा त्रास? १ मिग्रॅची गोळी आमच्याकडे मिळत नाही, मग मधले टप्पे कसे पाडायचे? मधुमेह आहे, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड चालू. डॉक्टरांची तारीख तीन आठवड्यांनी आहे. त्यांना नेमकं काय विचारावं तेही सांगा.

सह्यवारा
आधी हिशेब बघा. २० वरून १७.५ केलं तर आठवा हिस्सा कमी होतो. ७.५ वरून ५ म्हणजे एक तृतीयांश, आणि ५ वरून २.५ म्हणजे थेट निम्मं. तुकडा दर वेळी तेवढाच, पण शरीराला बसणारा धक्का वाढत जातो. म्हणून २०१५ च्या युरोप-अमेरिकेच्या संधिवात संघटनांच्या संयुक्त सूचनांत १० पर्यंत चार ते आठ आठवड्यांत यायचं आणि १० च्या खाली दर चार आठवड्यांनी फक्त १ मिग्रॅ कमी करायचं, असं दिलंय. १ ची गोळी नसेल तर १.२५ चा टप्पाही त्यात आहे: एक दिवस १०, एक दिवस ७.५. तीच रीत खाली लावली तर एक दिवस ७.५, एक दिवस ५. सरासरी ६.२५ पडते. चार आठवडे निभावलं की मग रोज ५. डॉक्टरांना हेच विचारा.

दिवसाआड गोळीला पूर्ण सुट्टी मात्र पीएमआरमध्ये नको. सुट्टीनंतरच्या सकाळी खांदे धरतात.

एवढंही झेपत नसेल तर टप्पा सात आठवड्यांवर पसरतात. पहिल्या आठवड्यात एकच दिवस नवा डोस आणि सहा दिवस जुना, पुढच्या आठवड्यात दोन दिवस नवा, असं करत सातव्यात सातही दिवस नवा. सुरुवातीला कमी डोसचे दिवस लागोपाठ येऊ देऊ नका. कालनिर्णयवर महिन्याचे आकडे आधीच लिहून ठेवा. रोज सकाळी आठवून ठरवायला गेलं की हमखास घोळ होतो.

निळी शाई
हा त्रास तीन प्रकारचा असू शकतो आणि तिन्हींचं उत्तर वेगळं आहे, म्हणून घाई नको.

आजार उसळला तर खांदे आणि मांड्यांचे सांधे दोन्ही बाजूंनी धरतात, सकाळचा ताठरपणा पाऊण तासाहून जास्त टिकतो, दिवसागणिक वाढत जातो आणि बहुधा सीआरपीही चढतं. अशा वेळी उसळण्याआधी ज्या डोसवर बरं होतं तिथे परत जायचं आणि चार ते आठ आठवड्यांत हळूहळू खाली यायचं.

डोस घटल्याचा त्रास सगळ्या अंगात पसरलेला असतो: थकवा, चिडचिड, झोप उडणं, स्नायू ठणकणं. रिपोर्ट शांत राहतात आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. आईंचे आकडे या वयाला ठीक आहेत, त्यामुळे माझा कल इकडे आहे. पण ठरवायचं डॉक्टरांनी हात-खांदे तपासूनच.

तिसरं सगळ्यात धोक्याचं. मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी रोज साधारण ४ ते ६ मिग्रॅ प्रेडनिसोलोनच्या तोडीचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. महिनोन्‌महिने बाहेरून मिळालं की त्या सुस्तावतात आणि ५ च्या आसपास त्यांची कसोटी लागते. उभं राहताच चक्कर, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, वजन घटणं, सोडियम कमी येणं. असं दिसलं तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

५ वर स्थिरावल्यावर सकाळच्या कॉर्टिसॉलबद्दल विचारा. रक्त आठ-नऊच्या दरम्यान द्यायचं, आदल्या दिवशीच्या गोळीला २४ तास झालेले हवेत. गोळी घेऊन गेलात तर प्रेडनिसोलोनच कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जाऊन आकडा फुगतो. रक्त दिलं की तिथेच काहीतरी खाऊन लगेच गोळी. दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर ग्रंथी जाग्या झाल्यात. ५ ते १० मध्ये आलं तर तोच डोस ठेवून काही आठवड्या-महिन्यांनी पुन्हा तपासतात. ५ च्या खाली असेल तर आणखी थांबायचं.

औषधवाला अण्णा
मोजमापाचं सांगतो. ५ ची साधी गोळी कटरने अर्धी करता येते, पाव तुकडे मात्र भुगा होऊन कमीजास्त होतात. आतड्यात विरघळणाऱ्या लेपाची गोळी तोडायचीच नाही.

१-१ मिग्रॅने उतरायचं तर सिरप सोयीचं. पण बाटलीवरचा आकडा दोनदा वाचा. एक येतं ५ मिलीत ५ मिग्रॅ, दुसरं ५ मिलीत १५ मिग्रॅ. ६ मिग्रॅ हवेत म्हणून ६ मिली घेतलं आणि बाटली दुसरी निघाली तर पोटात १८ जातात. पहिलं मागा, म्हणजे मिली तेवढेच मिग्रॅ. टोपणाने मोजू नका, सुई नसलेली १० मिलीची सिरिंज घ्या. मधुमेह आहे, तेव्हा सिरपमध्ये साखर किती तेही बघा.

दुकानात नाव बदलून दिलं तर थांबा. प्रेडनिसोलोन ५ ची बरोबरी मिथाइलप्रेडनिसोलोन ४ शी आणि डिफ्लाझाकॉर्ट ६ शी होते. नुसता आकडा बघून बदललं तर नकळत डोस सरकतो.

मध्येच टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू झालं तर प्रेडनिसोलोन शरीरातून झपाट्याने संपतं आणि तोच डोस अपुरा पडतो. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, अशी पुडी चालू असेल तर सगळं गणित फसतं. दम्याचा पंप आणि सांध्यातलं इंजेक्शनही डॉक्टरांना सांगा.

प्राजक्त
अण्णा, सिरपचं लक्षात घेतलं. डोस उतरताना ग्लिमेपिराइड तेवढंच ठेवायचं का?

निळी शाई
ठेवलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. सकाळच्या प्रेडनिसोलोनने साखर दुपारी-संध्याकाळी चढते, उपाशीपोटीची बरेचदा चांगली दिसते. म्हणून प्रत्येक टप्प्यात चार-पाच दिवस दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजून लिहा. आकडे उतरू लागले की मधुमेहाच्या डॉक्टरांना ग्लिमेपिराइड कमी करायचं का ते विचारा. घाम, थरथर, गोंधळ झाला तर आधी साखर मोजा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून.

आणखी एक कागद डॉक्टरांकडून लिहून आणा: ताप आला तर काय करायचं. १० च्या खालच्या पेशंटला तापात सहसा ५ सकाळी, ५ संध्याकाळी देतात आणि ताप उतरला की पूर्वीच्या डोसवर आणतात. गोळी अर्ध्या तासात उलटून पडली तर पुन्हा द्यायची. तीही पडली किंवा जुलाब थांबत नसतील तर हॉस्पिटल गाठा, तिथे हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅचं इंजेक्शन लागतं. दारात पोचताच "अकरा महिने स्टेरॉइड चालू आहे" हे पहिलं वाक्य. तसं कार्ड आईंच्या पर्समध्ये असू द्या, कारण सोबतच्या माणसाला हे ठाऊक असेलच असं नाही.

सह्यवारा
एक राहिलं. नवी डोकेदुखी, कानशिलाला हात लावताच दुखणं, चावताना जबडा भरून येणं किंवा दृष्टी अंधुक होणं, यातलं काहीही दिसलं तर डोस कमी करणं तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पीएमआरसोबत काहींना कानशिलाच्या धमनीला सूज येते, त्यात डोळा कायमचा जाऊ शकतो.