मदत हवी आहे: टर्बोपाशी ऑइल गळतंय, नवा टर्बो घ्यावा की रिकंडिशन्ड?

घाटमाथा_११
गाडीच्या टर्बोखाली ऑइल आहे. मिस्त्री म्हणतो टर्बो गेला, बदला. नव्याचे ४८ हजार सांगतोय, रिकंडिशन्डचे १९. कोणता घेऊ? शनिवारी कोल्हापूरला निघायचंय, जरा लवकर सांगा.

पानापकड
इंजिन कोणतं, किमी किती? 'खाली' म्हणजे नक्की कुठे? एअर फिल्टरच्या बाजूला, सायलेन्सरच्या बाजूला की मधल्या बॉडीच्या तळाशी? धूर असेल तर निळा की काळा, आणि केव्हा येतो? डिपस्टिकवर १००० किमीला किती उतरतंय?

रिंगपिस्टन
रिकंडिशन्ड नकोच. कोअर (शाफ्ट आणि पात्यांचा मधला भाग) मशीनवर बॅलन्स केलेला नसेल तर शिट्टी वाजते आणि बेअरिंग लवकर जातं. घ्यायचाच तर बॅलन्सिंगचा रिपोर्ट मागा.

घाटमाथा_११
१.३ डिझेल, ९० पीएसवाली. १ लाख १२ हजार किमी. ऑइल सगळीकडे पसरलंय, कुठून येतंय ते मी कसं सांगू? धूर निळसर, थोडासाच. प्रश्न फक्त कोणता टर्बो घ्यावा एवढाच आहे.

पानापकड
कोणताच घेऊ नका, आत्ता तरी. टर्बोच्या शाफ्टला (धुराच्या जोराने फिरून इंजिनात हवा दाबणाऱ्या पात्यांच्या दांड्याला) रबरी ऑइल सील नसतं. दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. ऑइल आत राहतं ते दोन्हीकडच्या हवेच्या दाबामुळे, आणि बेअरिंगमधून सुटलेलं ऑइल लगेच खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) ओघळून जातं म्हणून. ऑइल खाली नेणाऱ्या रिटर्न पाइपमागे पंप नसतो, निव्वळ उतार. तिथे अडथळा आला किंवा चेंबरमध्येच दाब वाढला, की मधली बॉडी ऑइलने तुंबते आणि धडधाकट टर्बोसुद्धा दोन्हीकडून ऑइल टाकतो. अशा इंजिनावर नवा टर्बो चढवला तर तोही गळणार.

आधी धुवा. इंजिन गार असताना टर्बो, त्याचे दोन्ही ऑइल पाइप, टॅपेट कव्हर, व्हॅक्यूम पंप सगळं डीग्रीझरने साफ करून कोरडं करा. अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि गाडी सुरू करण्याआधी आठवणीने काढा. ऑइलमध्ये यूव्ही डाय टाकून २०-३० किमी चालवा आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारा. पिवळं-हिरवं चमकणारं सगळ्यात वरचं ठिकाण पकडा, बाकीचे ओघळ. व्हॅक्यूम पंपाची ओ-रिंग किंवा टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतं आणि बिल टर्बोच्या नावाने फाटतं, असं बऱ्याचदा होतं.

मग एअर फिल्टरकडचा होज काढून शाफ्टचं टोक बोटांत धरून हलवा. बाजूला जरासं हललं तर घाबरू नका, फ्लोटिंग बेअरिंगमध्ये ऑइलच्या थरासाठी जागा सोडलेलीच असते. पातं हाउसिंगला घासता कामा नये. आत-बाहेर मात्र बोटाला स्पष्ट जाणवेल इतकं हललं तर थ्रस्ट बेअरिंग संपलं. डायल गेज असेल तर ०.१ मिमीच्या आत हवं.

वीसपन्नास
एवढा उपद्व्याप कशाला? २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाका आणि वर ऑइल ट्रीटमेंटचा एक डबा. गळती बसते.

रिंगपिस्टन
बसतो तो टर्बो! थंडीत सकाळी जाड ऑइल बेअरिंगला उशिरा पोचतं आणि तेवढा वेळ शाफ्ट कोरडा फिरतो. शिवाय रिटर्नमधून जाड ऑइल आणखी सावकाश उतरतं, म्हणजे तुंबणं वाढणार. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड असेल तोच घाला.

वीसपन्नास
जुन्या डिझेल गाड्या याच ऑइलवर लाखो किमी धावल्या.

रिंगपिस्टन
त्यांतल्या बऱ्याचशांना टर्बोच नव्हता.

सिग्नलहिरवा
टर्बो टायमर बसवून घ्या. चावी काढली तरी इंजिन मिनिटभर चालू राहतं, आतलं ऑइल जळून कोळसा होत नाही.

पानापकड
घाट चढून आल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करा, टायमरशिवाय तेवढंच काम होतं. इथे मुद्दा गळतीचा आहे.

घाटमाथा_११
होज काढला. शाफ्ट बाजूला किंचित हलतो, आत-बाहेर नाही. पाती चांगली आहेत. पण होजच्या आत ऑइल आहे. म्हणजे गेलाच ना?

बॅककॉम्प्रेशन
एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या होजमध्ये? तिथे ब्रीदरचा (चेंबरमधला गॅस बाहेर काढणारा) पाइप जोडलेला असतो, ते ऑइल सहसा त्यातूनच येतं. पातळ थर चालतो. इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा) खालचा होज सोडून पाहा. बोट ओलं झालं तर ठीक, कपभर ओतलं तर नाही. एअर फिल्टर चोंदला असेल तर तोही आधी बदला. फिल्टर गच्च झाला की कॉम्प्रेसरच्या मागे ओढ वाढते आणि रिंगेवरून ऑइल खेचलं जातं.

माझ्या मते इथे टर्बो बाजूला ठेवा, बॅक कॉम्प्रेशन (पिस्टनच्या बाजूने चेंबरमध्ये शिरणारा गॅस) बघा. इंजिन गरम करा, आयडलवर ऑइल भरायचं झाकण नुसतं वर ठेवा. उडालं तर इंजिनाच्या पिस्टन रिंगा गेल्या.

पानापकड
झाकणावरून रिंगांचा निकाल लावू नका. डिझेलचं झाकण थोडंफार नाचतंच. डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक पाइप लावून त्याचा यू करा, त्यात पाणी भरा आणि रेस करताना दोन्ही पातळ्यांतला फरक मोजा. मग ब्रीदरचा पाइप सोडून पुन्हा मोजा. सोडल्यावर दाब पडला तर ब्रीदर किंवा त्याचा ऑइल वेगळं करणारा सेपरेटर चोंदलाय. ब्रीदर सोडूनही पाइपमधून भसाभस धूर आला तर रिंगा, मग कॉम्प्रेशन टेस्ट.

डिझेलदास
फीडच्या (टर्बोला ऑइल आणणाऱ्या पाइपच्या) बँजो बोल्टमध्ये, म्हणजे पोकळ बोल्टमध्ये, जाळी आहे का तेही पाहा. फ्रेंच १.६ एचडीआय डिझेल इंजिनात असते. ती कार्बनने चोंदली की टर्बो कोरडा पडतो, आणि जाळी तशीच ठेवून नवा बसवला तर तोही मरतो.

बॅककॉम्प्रेशन
गाडी १.३ आहे हो. आणि जाळी चोंदली तर टर्बो उपाशी मरतो. इथे ऑइल जास्त झालंय.

घाटमाथा_११
एक सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ करताना टर्बो उतरवला होता. गळती त्यानंतरचीच आहे. मिस्त्री म्हणतो त्याचा काही संबंध नाही. याने फरक पडतो का?

पानापकड
हेच पहिल्या ओळीत हवं होतं! रिटर्न पाइपचा वरचा फ्लँज उघडा, दोन बोल्ट असतात. पॅकिंग नवं घातलंय की जुन्यावर सिलिकॉन थापलंय ते बघा. जास्तीचं सिलिकॉन दाबलं जाऊन भोकात शिरतं. फीडच्या बँजोला तांब्याचे वायसर दोन, एक वर एक खाली, तेही दर वेळी नवे लागतात. जुने पुन्हा वापरले तर तिथून बारीक झिरपतं आणि ओघळ बरोबर टर्बोच्या अंगावरून खाली येतो.

घाटमाथा_११
उघडला. काळं सिलिकॉन आत आलंय, भोक निम्मं बंद. पॅकिंग नाहीच. खरवडून लगेच लावू का?

रिंगपिस्टन
थांबा. खरवडताना कण आत पाडू नका. पाइप पूर्ण काढून रॉकेलने धुवा, आरपार उजेड दिसला पाहिजे. आधीच सुटलेले तुकडे चेंबरमध्ये गेले असतील. ते ऑइल पंपाच्या जाळीवर बसले तर ऑइलचं प्रेशर पडतं आणि टर्बोच आधी जातो. ऑइल काढा, चेंबर खोला, जाळी साफ करा, ऑइल आणि फिल्टर नवा घाला.

बॅककॉम्प्रेशन
चेंबर खोलणं अती होतंय. ऑइल बदललं की पुरे.

रिंगपिस्टन
जाळीवर चिकटलेलं सिलिकॉन ड्रेनच्या भोकातून बाहेर येत नाही.

पानापकड
रिंगपिस्टनशी सहमत. इंटरकूलर काढून उपडा करा, सगळं ऑइल निथळू द्या. हे राहिलं तर खरा धोका आहे: साचलेलं ऑइल एकदम इंजिनात खेचलं गेलं की डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं आणि चावी काढूनही बंद होत नाही. कधी झालंच तर टॉप गिअर, ब्रेक गच्च, क्लच सोडून इंजिन बंद पाडा. इनटेकवर हात ठेवू नका.

जोडताना फीडच्या भोकात ताजं ऑइल ओतून शाफ्ट हाताने फिरवा. इंजेक्टरचे वायरचे प्लग काढून १०-१५ सेकंद सेल्फ मारा, थांबा, पुन्हा मारा, रिटर्नमधून ऑइल पडताना दिसेपर्यंत. मग रिटर्न जोडा, सुरू करा, दोन-तीन मिनिटं नुसतं आयडल. सायलेन्सरमध्ये गेलेलं ऑइल जळेपर्यंत धूर थोडा येत राहील, त्यावरून पुन्हा टर्बोला नावं ठेवू नका. ब्रीदरचं मोजमाप तरीही करा.

घाटमाथा_११
पॅकिंग सोमवारी येणार म्हणतो दुकानदार. तोपर्यंत पॅकिंग शीट कापून बसवू?

वीसपन्नास
बसवा, काही होत नाही. थोडं सिलिकॉन लावा, पण पातळ.

पानापकड
सिलिकॉन नको! आणि साधी कागदी शीट टर्बोच्या उष्णतेला करपते. धातूचं पॅकिंग, कोरडं, दोन्ही फ्लँज घासून साफ. शनिवारी एसटीने जा.