१ टीबी काढून ४ टीबी हार्डडिस्क टाकली; १६७८ जीबी जागा हाताला लागत नाही

अक्कलकोट रोड

नमस्कार मंडळी. एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्याच्या ऑफिसमधला पीसी आहे. एच८१ चिपसेटचा बोर्ड, विंडोज १०, ६४-बिट. जुन्या १ टीबी डिस्कचे रीअलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने डिस्कने बदललेले तुकडे) वाढायला लागले, म्हणून नवी ४ टीबी डिस्क आणली, यूएसबी डॉकवर क्लोन (हुबेहूब नक्कल) केली आणि आत सॅटाला जोडली. पीसी नीट चालू होतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डावीकडून असं दिसतं:

सिस्टिम रिझर्व्ह्ड ५७९ एमबी, सी २०० जीबी, रिकव्हरी सुमारे ५०० एमबी, डी ७३० जीबी, अनअलोकेटेड १११६ जीबी, आणि शेवटी वेगळा तुकडा अनअलोकेटेड १६७८.०२ जीबी.

शेवटच्या तुकड्यावर राइट क्लिक केलं तर सगळे पर्याय पुसट. सी मध्ये ११ जीबीच उरलेत, पण तिथेही 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' पुसट. डी वर जॅकार्डची डिझाइनं आणि टॅलीचा डेटा आहे. दुकानदार म्हणतो डिस्क चांगली आहे. मग जागा अडकली कुठे?

बाळीवेस

दुकानदार बरोबर सांगतोय. कंपनी ४ टीबी म्हणते तेव्हा ४ वर बारा शून्यं इतके बाइट मोजते. विंडोज त्याला १०२४ ने तीनदा भागून 'जीबी' लिहितं, म्हणून आकडा ३७२६ च्या जवळपास येतो. तुमच्या तुकड्यांची बेरीज करा, ३७२६ च्या आसपासच येईल. म्हणजे डिस्क पूर्ण ओळखली गेली आहे. ३७२६ ऐवजी नुसती १६७८ जीबीचीच डिस्क दिसली असती, तर जुना स्टोरेज ड्रायव्हर किंवा जुनी डॉक २ टीबीनंतर मोजणी पुन्हा शून्यापासून करते असं समजायचं. ३ टीबीच्या डिस्कवर तोच घोळ ७४६ जीबी दाखवतो.

क्लोन करताना जुन्या डिस्कची एमबीआर रचना (पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत) जशीच्या तशी नव्यावर उतरली. एमबीआरमध्ये सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत मावावा लागतो. ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर २०४८ जीबीच्या पुढे क्रमांकच लिहिता येत नाही. तुमचे १६७८ त्या रेषेपलीकडे आहेत. जीपीटी, म्हणजे पार्टिशन नोंदीची नवी पद्धत, केल्याशिवाय ते मिळणार नाहीत.

विंडोज १० मध्ये एमबीआर-टू-जीपीटी ही आज्ञा आहे, डेटा न पुसता बदल करते. पण तिला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात. तुमची चार आहेत, म्हणून व्हॅलिडेटला, म्हणजे आधीच्या तपासणीलाच, थांबेल. डी चा डेटा जुन्या डिस्कवर आहेच. नव्यावरचा डी उडवा, रूपांतर करा, सी वाढवा, डी नव्याने बनवा आणि जुन्या डिस्कवरून भरा.

होटगी रोड

बाळीवेसकरांचं निदान पटलं, पण डी उडवू नका. जुनी डिस्क सेक्टर गमावतेय म्हणूनच बदलली ना? आज डिझाइनांची धड प्रत नव्या डिस्कवरच आहे. ती पुसून मरायला टेकलेल्या डिस्कवरून ७०० जीबी वाचायला लावणं म्हणजे उगाच जुगार. जुनी डिस्क काढून ठेवा, पॉवरसुद्धा देऊ नका. आणि आधी टॅलीचा बॅकअप व डिझाइनचा फोल्डर एखाद्या बाहेरच्या डिस्कवर घ्या, मगच पुढचं.

चारातलं एक कमी करायचं तर रिकव्हरी काढा. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये रीएजंट-सी (रिकव्हरी चालू-बंद करायची आज्ञा) स्लॅश डिसेबल द्या. त्याने रिकव्हरीची फाइल सी मध्ये परत येते. मग डिस्कपार्ट उघडा, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, लिस्ट पार्टिशन, ५०० एमबीचं ते पार्टिशन सिलेक्ट, आणि डिलीट पार्टिशन ओव्हरराइड. सिलेक्ट करताना आकार दोनदा वाचा, कारण इथे 'खात्री आहे का' असं कोणी विचारत नाही. डिस्क मॅनेजमेंटमधून हे पार्टिशन सहसा काढता येत नाही, म्हणून हा मार्ग.

आता महत्त्वाचं. रूपांतर चालू विंडोजमधून करू नका. तिथे 'अलाउ-फुल-ओएस' देऊन आज्ञा चालते खरी, पण सिस्टिम रिझर्व्ह्ड वापरात असल्यामुळे ती सी आकसून त्याच्या उजव्या अंगाला १०० एमबीचं नवं ईएफआय पार्टिशन (यूईएफआय बूटच्या फाइलींचं) बनवते. सी फक्त लगेच उजवीकडच्या रिकाम्या जागेत वाढतो, म्हणून त्याचा रस्ता पुन्हा बंद. त्याऐवजी विंडोज १० च्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून बूट करा, भाषेच्या पडद्यावर शिफ्ट-एफ१० दाबा. डिस्कपार्टमध्ये डिस्कचा क्रमांक पाहा, बाहेर या. एमबीआर-टू-जीपीटी स्लॅश व्हॅलिडेट स्लॅश डिस्क कोलन शून्य (तुमचा जो क्रमांक असेल तो). पास झालं की व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट. इथून केलं तर ५७९ एमबीचं सिस्टिम रिझर्व्ह्डच ईएफआय म्हणून वापरलं जातं आणि सी ची उजवी बाजू मोकळी राहते.

त्यानंतर बायोसमध्ये जाऊन बूट मोड लेगसीवरून (जुनी पद्धत) यूईएफआय (जीपीटीला लागणारी नवी पद्धत) करा आणि 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला ठेवा. हे राहिलं तर 'नो बूट डिव्हाइस' येईल आणि डिस्क गेली असं वाटेल. गेलेली नसते.

अक्कलकोट रोड

धन्यवाद दादा. दोन शंका. पीसीत जुनं ग्राफिक कार्ड आहे, यूईएफआय केल्यावर पडदा काळा राहील का? आणि डी न उडवता सी वाढणार कसा, मध्ये डीच बसलाय ना?

होटगी रोड

कार्डाच्या बायोसला यूईएफआय येत नसेल तर सीएसएम (जुन्या पद्धतीला सांभाळून घेणारा बायोसचा पर्याय) पूर्ण बंद केल्यावर पडदा काळा राहू शकतो. सीएसएम चालू ठेवा, फक्त स्टोरेजचा पर्याय 'यूईएफआय' करा. तरी अडलं तर कार्ड काढून बोर्डच्या आउटपुटला मॉनिटर लावा.

सी साठी असं करा. जीपीटी झाल्यावर मागचे दोन्ही तुकडे मिळून सुमारे २७९४ जीबीचा सलग तुकडा दिसेल. त्यावर ई बनवा, एनटीएफएस. टॅली बंद करून डी चा सगळा डेटा ई वर न्या आणि तपासा. मग डी डिलीट, सी एक्स्टेंड. सी सुमारे ९३० जीबीचा होतो. शेवटी ई चं अक्षर बदलून डी करा, म्हणजे टॅलीचा डेटा पाथ आणि डिझाइन सॉफ्टवेअरचे शॉर्टकट जसेच्या तसे चालतील. पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) डी वर ठेवली असेल तर आधी सी वर हलवा, नाहीतर डी डिलीटच होणार नाही.

कॉपीसाठी ड्रॅग-ड्रॉप नको, विंडोजमधलीच रोबोकॉपी ही आज्ञा वापरा. स्लॅश ई हा स्विच द्या (ई ड्राइव्हशी संबंध नाही), म्हणजे रिकामे फोल्डरही येतात. कॉपी कोलन डीएटीएस, म्हणजे फोल्डरच्या एनटीएफएस परवानग्याही येतात. एक्सडी देऊन 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' आणि रिसायकल बिन वगळा. आर कोलन १ आणि डब्ल्यू कोलन १ विसरू नका: न दिल्यास न वाचता येणाऱ्या फाइलवर रोबोकॉपी ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते, तेही दहा लाख वेळा. लॉग फाइल घ्या आणि शेवटच्या तक्त्यात 'फेल्ड' खाली शून्य आहे का पाहा. शून्य नसेल तर डी ला हात लावू नका.

एकाच डिस्कवर वाचणं आणि लिहिणं दोन्ही चालतं, हेड सारखं इकडून तिकडे पळतं. सेकंदाला ५०-६० एमबी मिळाले तरी चार-पाच तास धरा, लहान फाइली जास्त असतील तर त्याहूनही जास्त.

जुळे सोलापूर

वरच्याला एक जोड. रूपांतर आणि कॉपी दोन्ही यूपीएसवर करा. एप्रिल-मे असेल तर कॅबिनेट उघडून समोर टेबल फॅन लावा आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघत राहा. बहुतेक डेस्कटॉप डिस्कची मर्यादा ६० अंश असते. पण आपल्याकडे खोलीच चाळिशी गाठते, तेव्हा ५० च्या पुढे गेलं की कॉपी थांबवलेली बरी. तीच आज्ञा पुन्हा दिली की झालेल्या फाइली रोबोकॉपी वगळते.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये नव्या डिस्कचे 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे ती एकूण किती तास चालली, तेही बघून घ्या. नवी म्हणून घेतलेल्या डिस्कवर हजारो तास दिसले तर बिल घेऊन लगेच दुकानात जा.

अक्कलकोट रोड

रूपांतर झालं, यूईएफआयमध्ये बूट होतंय, २७९४ चा एकच तुकडा दिसतोय. पॉवर ऑन अवर्स दोन आकडी आहेत. फक्त कन्व्हर्टच्या शेवटी 'रीएजंट एक्सएमएल अपडेट करता आली नाही' असा संदेश आला.

होटगी रोड

त्याने बूटला धक्का नाही. अ‍ॅडमिन प्रॉम्प्टमध्ये रीएजंट-सी स्लॅश इनेबल द्या, मग स्लॅश इन्फो. 'एनेबल्ड' दिसलं की रिकव्हरी सी मधूनच चालेल, वेगळं पार्टिशन लागत नाही. आता ई बनवून कॉपीला लावा. डी डिलीट करण्याआधी शेडवरच्या पीसीतून ई वरची दोन-चार मोठी डिझाइनं उघडून बघा आणि टॅलीत ई वरची कंपनी एकदा लोड करा.