383 बोट इंजिनला कॅम कुठला टाकू? बोट मालवणची, काम कोल्हापुरात

उद्यमनगर_लेथ
नमस्कार मंडळी, आमच्या एका पाव्हण्याची मालवणला स्पीडबोट आहे, पॅरासेलिंग आणि राईड दोन्हीला चालते, त्यातलं मर्क्रूझर 5.7 म्हणजे जीएमचं 350 व्ही8 सध्या आमच्या शॉपला उघडून पडलंय. ब्लॉक 30 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज बोअर केला, होनिंग झालं, क्रँक 3.75 इंच स्ट्रोकचा घेतलाय म्हणजे 350 घनइंचाचं 383 होणार. हेड व्होर्टेकची, कार्बोरेटर चार बॅरलचा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर (मॅनिफोल्डवरचा वर चढणारा नळ) ओरिजिनलच कास्ट आयर्नचे, पाण्यावर थंड होणारे. आता कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, अडलोय. पाव्हण्याला 0.050 इंच लिफ्टला 230/236 डिग्री ड्युरेशन (इनटेक/एक्झॉस्ट किती वेळ उघडा राहतो ते), 110 डिग्री लोब सेपरेशन (दोन्ही लोबच्या शिखरांमधलं अंतर), 0.510 इंच लिफ्टचा हायड्रॉलिक रोलर पाहिजे, त्याने कुठल्यातरी गाडीच्या व्हिडिओत बघितलाय आणि आवाज लई आवडलाय. मला गाडीच्या आणि ऑइल इंजिनाच्या कॅमचं कळतं पण बोटीचं पहिल्यांदाच करालोय, म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी विचारतोय. सीझन सुरू व्हायच्या आत इंजिन परत द्यायचंय.

खाडीवाला
भावा तो कॅम नको घेऊ. आवाज राहू दे बाजूला, त्या मॅनिफोल्डवर हा कॅम म्हणजे सिलिंडरमध्ये खारं पाणी.

कसं होतं सांगतो. बोटीत इंजिन थंड करून आलेलं पाणी रायझरच्या पुढं एक्झॉस्टमध्येच सोडतात. आयडलला धुराचा जोर कमी असतो, आणि इनटेक एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे असले की सिलिंडरमधला व्हॅक्यूम एक्झॉस्टमधनं उलटा ओढतो, त्या हवेबरोबर पाण्याचे थेंब आत येतात. ह्यालाच रिव्हर्जन म्हणतात. गोड्या पाण्यात एकवेळ चालवून नेशील पण मालवणला समुद्र आहे, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर गंज, रिंगा चिकटणार, आणि बाहेरनं काहीच दिसत नाही, एक दिवस कॉम्प्रेशन गेलेलंच कळतं.

हिशोब सोपा आहे. अ‍ॅडव्हर्टाइज्ड ड्युरेशन दोन्ही मिळवून निम्मं करायचं, त्यातनं लोब सेपरेशनची दुप्पट वजा करायची, ते ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहतात त्या डिग्री. तुझा कॅम साधारण 284/290 धरला तर 287 वजा 220, म्हणजे 67 डिग्री. त्याऐवजी 270/276 आणि 114 चा घेतला तर 273 वजा 228, म्हणजे 45. पाणी आत यायचं का नाही ते ह्या 22 डिग्रीत ठरतं. कास्ट मॅनिफोल्डवर मी 0.050 ला 220 च्या आसपास थांबेन आणि सेपरेशन 112 च्या खाली अजिबात जाणार नाही. 383 ला स्ट्रोक जास्त असल्यामुळं तोच कॅम 350 पेक्षा शांत वाटतो हे खरं, पण म्हणून 230 पर्यंत उडी नको.

पंखा_आणि_पिच
वरच्यांचं बरोबर आहे, पण मी कॅमच्या आधी पंखा (प्रोपेलर) विचारला असता. उद्यमनगर भाऊ, बोटीला गिअर एकच आणि ब्रेकर नाही, उतार नाही. गगनबावड्याचा घाट भरलेल्या ट्रकनं टॉपमध्येच चढायचा, तसं हे इंजिन दिवसभर चालतं. त्यात पंख्याला लागणारी पॉवर आरपीएमच्या साधारण घनाच्या हिशोबानं वाढते, त्यामुळं शेवटचे चारपाचशे आरपीएम फार महाग पडतात.

स्टॉक 5.7 कार्बोरेटरवाल्याला कंपनी फुल थ्रॉटलला 4400 ते 4800 सांगते. 230 चा कॅम खरी ताकद 5500 च्या पुढं दाखवणार, तिथं जायला पंख्याचा पिच (एका फेऱ्यात किती इंच पुढं जातो ते) कमी करावा लागेल, मग क्रूझला इंजिन ओरडत राहणार आणि पेट्रोल पिणार. 19 पिच, 1.50 चा ड्राइव्ह, 4800 आरपीएम धरा: 4800 भागिले 1.50 म्हणजे पंख्याचे 3200, 3200 गुणिले 19 भागिले 1056 म्हणजे ताशी 57 मैल, स्लिप (पंखा पाण्यात घसरतो ती घट) दहा-पंधरा टक्के गेली तरी 50 च्या आसपास, म्हणजे ताशी 80 किमी. पॅरासेलिंगला ह्याच्या पुढं काय करायचंय? तिथं माणूस दोरीला लटकलेला असतो, बोट पटकन प्लेनवर (पाण्यावर उचलून) आली पाहिजे आणि 2500 ते 3500 मध्ये दम पाहिजे. तो दम लहान कॅमच देतो.

आणि ड्राइव्ह (मर्क्रूझरचे अल्फा आणि ब्राव्हो असे येतात) अल्फा असेल तर जपून, 383 चा टॉर्क त्याला जड जातो. ब्राव्हो असेल तर बिनधास्त.

गोशि_फिटर
आयडलचा मुद्दा कुणी मांडला नाही म्हणून. स्टर्नड्राइव्हमध्ये अल्फाला गिअर डॉग क्लचनं पडतो, ब्राव्होला कोन क्लचनं. मोठा कॅम 650 ला उभाच राहत नाही, मग लोकं आयडल 950 करतात आणि प्रत्येक गिअरला धाड असा आवाज, क्लच झिजतो. जेट्टीला गिऱ्हाईक चढवताना उतरवताना रोज किती गिअर पडतात ते त्या पाव्हण्यालाच विचारा.

उद्यमनगर_लेथ
डोक्यात प्रकाश पडला, धन्यवाद. ड्राइव्ह ब्राव्होच आहे. म्हणजे 218/224, 114 च्या आसपासचा बघतो. दुसरं असं की आमच्या ओळखीचा एकजण म्हणतो जुनाच फ्लॅट टॅपेट (रोलर नसलेला, सपाट तळाचा) कॅम इथं ग्राइंड करून देतो, बाहेरनं कशाला मागवता. शिरोलीला कास्टिंगसुद्धा होईल म्हणे. करावं का?

खाडीवाला
कास्टिंगला आपल्या कोल्हापूरचा नाद नाही, ते मान्य. पण फ्लॅट टॅपेटच्या लोबला एक-दोन थाऊचा टेपर लागतो, त्यानंच टॅपेट जागेवर फिरतो, तो नसला तर लोब सपाट व्हायला पहिला तासही पुरतो. शिवाय चिल्ड आयर्नचा कडक थर पातळ असतो, ग्राइंड केलं की तो जातो आणि बेस सर्कल लहान होऊन पुशरॉड लांब लागतात. ज्यानं व्ही8 चा कॅम केलाय आणि कडकपणा मोजून देतो त्यालाच द्या, नाहीतर नवीन रोलर. लिफ्टर व्हॅलीत स्पायडर (रोलर लिफ्टर जागेवर धरणारी पट्टी) बसवायची भोकं आहेत का आधी बघा, असतील तर ब्लॉक रोलरचाच आहे.

गोशि_फिटर
रोलर स्टीलचा आला तर डिस्ट्रिब्युटरचा गिअर त्याला चालणारा मेलोनाइज्डच (वरनं कडक केलेला) पाहिजे, साधा कास्ट आयर्नचा खाऊन टाकतो. आणि डिस्ट्रिब्युटर मरीनचाच, गाडीचा स्वस्तात मिळतो म्हणून लावू नका, बोटीच्या पोटात पेट्रोलची वाफ साचते आणि ठिणगी बाहेर पडली तर माणसं जातील. स्टार्टर अल्टरनेटरचंही तेच.

व्होर्टेक हेडला लिफ्ट 0.460-0.470 च्या पुढं गेली की रिटेनर गाइडच्या सीलला टेकतो. 0.500 चा कॅम घेणार असाल तर गाइड वरनं कापून घ्या आणि स्प्रिंग बदला, हेड तुमच्या शॉपलाच आहेत तर काम तासाभराचं आहे.

पंखा_आणि_पिच
पिस्टन कुठले घेतलेत? फ्लॅट टॉप असतील तर 64 सीसीच्या व्होर्टेक हेडवर कॉम्प्रेशन 10 च्या वर जातं. लहान कॅमचा इनटेक लवकर बंद होतो, त्यामुळं दाब आणखी धरला जातो, आणि ह्या लोडला साध्या पंपाच्या पेट्रोलवर नॉकिंग हमखास. डिशचे घेऊन साडेनऊच्या आत ठेवा.

उद्यमनगर_लेथ
पिस्टन अजून मागवले नाहीत, बरं झालं. डिशचेच सांगतो. स्पायडरची भोकं आहेत, आत्ताच बघून आलो. कॅम बसवताना डिग्री व्हील लावून इनटेक सेंटरलाइन कॅमबरोबर आलेल्या कार्डाला जुळवूनच पुढं जाईन, नुसत्या डॉट टू डॉटवर (गिअरच्या खुणा जुळवून) नाही. पाव्हण्याला आज संध्याकाळी फोन लावतो.