मदत हवी आहे: स्कॉटलंडच्या एकपदरी रस्त्यांवर गाडी कशी चालवायची?

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन इन्व्हर्नेसहून ॲपलक्रॉस आणि स्काय बेटावर भाड्याच्या गाडीने जायचं आहे. गाडी डावीकडूनच चालवायची आणि भारतीय लायसन्स चालतं, त्यामुळे ती काळजी नाही. प्रश्न एकपदरी रस्त्यांचा आहे. समोरून गाडी आली की आपल्या डाव्या हाताच्या ‘पासिंग प्लेस’मध्ये (वाट देण्यासाठी रस्ता थोडा रुंद केलेल्या जागेत) शिरायचं, जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, मागच्या घाईतल्या गाडीलाही वाट द्यायची आणि तिथे पार्किंग करायचं नाही, एवढं वाचलंय.

पण समोरच्याने हेडलाइट मारला तर काय समजायचं? आपल्याकडे घाटात त्याचा अर्थ ‘मी येतोय, थांब’. तिथे लोक बहुधा ‘तुम्ही या’ म्हणून मारतात, पण ब्रिटनच्या हायवे कोडनुसार तो फक्त आपण आहोत हे कळवण्यासाठी असतो. अरुंद वळणावर हा गैरसमज महागात पडेल.

शिवाय ॲपलक्रॉसचा ब्यालाख ना बा घाट ६२६ मीटरपर्यंत चढतो. तिथे दोन गाड्या अडकल्या तर मागे कोण घेतं, चढणारा की उतरणारा? आईला उंचीची भीती वाटते, म्हणून किनाऱ्याचा लांबचा रस्ता घ्यावा का? तिथे स्वतः गाडी चालवलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.