परदेशातल्या मिशनवर पहिला आठवडा कसा गेला? अनुभव लिहा

यंदा मे महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीतली सात पोरं-पोरी तीन आठवडे नेपाळला मिशनच्या कामाला चालली आहेत. सगळी पहिल्यांदाच. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, अथणी या भागातून सुट्टीत असं कुणी बाहेर जाऊन आलं असेल तर लिहा. विनंती एवढीच, की साक्ष, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते, नको. ती रविवारी ऐकतोच. आंघोळ कुठं केली, काय खाल्लं, कुठं फजिती झाली, ते लिहा.

खानापूरहून

आम्ही 2018 च्या मेमध्ये गेलो. गोवा एक्सप्रेसनं झाशी, मग गोरखपूर, तिथून बसनं सीमेवरचं सोनौली. पासपोर्ट लागत नाही, मतदार कार्ड चालतं. कमान ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायचं. आम्ही विसरलो आणि दोन दिवस सगळीकडं उशिरा पोचत राहिलो. शंभराच्या नोटेचे तिथले एकशे साठ होतात. दुकानदारानं बिलावर 2075 साल घातलं होतं. मी चुकलं म्हणून परत दिलं, तर तो हसायलाच लागला. तिथं विक्रम संवत चालतो.

पाट्या देवनागरीत, त्यामुळं आम्ही बिनधास्त. 'खाजा घर' वाचून आमच्यातला एकजण जत्रेतला खाजा मिळेल म्हणून आत शिरला. पुढ्यात आले पोहे आणि अंडं. खाजा म्हणजे तिथं मधल्या वेळचं खाणं.

उपासना शनिवारी असते, कारण सुट्टीच शनिवारची. चपला दारात, बैठक खाली चटईवर. भेटल्यावर आपल्या 'सलाम'च्या जागी 'जयमसीह'. डाळ-भात सकाळी दहाला आणि रात्री परत डाळ-भात. चौथ्या दिवशी मला स्वप्नात भाकरी दिसली, खोटं सांगत नाही. आम्ही उतरलो त्या घरातली आमा, म्हणजे आई, रोज विचारायची, "भात खानुभयो?" म्हणजे आपलं "जेवलासा काय?", कानडीतलं "ऊटा आत?" आपण लहानपणापासून हा प्रश्न दोन भाषांत ऐकतोय, तिसरीत काय अवघड? "खाएँ" म्हणायचं आणि हसायचं.

धर्मप्रचाराची पत्रकं मात्र नेऊ नका. तिथल्या 2015 च्या संविधानात, कलम 26 मध्ये, दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी आहे. आपण गाडीत बसून परत येतो, निस्तरायला लागतं तिथल्या पाळकसाहेबांना.

बेळगाव, शहापूरहून

मी नर्स. केनियात महिनाभर होते. उन्हाळ्याची सुट्टी म्हणून सगळे सुती कपडे भरले, आणि तिकडं मार्च ते मे पावसाचे दिवस! स्वेटर तिथंच बाजारात घेतला. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्या, पिवळं कार्ड पासपोर्टजवळच ठेवा. 2017 पासून तिथं प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, तेव्हा कुंदा नेणार असाल तर डब्यात.

खरा घोटाळा घड्याळाचा झाला. दवाखान्यातल्या ताई म्हणाल्या, उद्या 'सा ताटू', म्हणजे तीन वाजता ये. मी जेवून, डुलकी काढून तीनला हजर. त्या सकाळपासून खोळंबलेल्या. तिथल्या स्वाहिली भाषेत तास दिवस उजाडल्यापासून मोजतात : सातला एक, नऊला तीन. त्यांनी केसपेपरच्या पाठीमागं घड्याळ काढलं, तासकाटा नऊवर ठेवला आणि पेन सरळ रेषेत समोरच्या तीनवर नेलं. समोरचा आकडा वाचायचा, बस्स. तो कागद अजून माझ्याकडं आहे.

जेवायला उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, बिनमिठाचा. सोबत 'सुकुमा विकी' नावाची पालेभाजी. त्या नावाचा अर्थ 'आठवडा ढकल'! पगाराच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडं पिठलं असतं, त्याला हेच नाव द्यायला हरकत नाही.

चिकोडीहून

रवांडात होतो, दोनच आठवडे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आठ ते अकरा सगळ्यांनी मिळून सार्वजनिक काम करायचं, त्याला 'उमुगांडा' म्हणतात. आम्ही खास सेवा करायला गेलेलो, आणि शेजारची आज्जी आमच्या दुप्पट गटार उपसत होती. एवढंच.

निपाणीहून

मी नेपाळच्या डोंगरात 2016 ला, भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी. शाळेच्या भिंतीसाठी दगड वाहायचं काम होतं. पाण्याचं सांगतो.

पहिल्या सकाळी आम्ही तिघांनी अंगणातल्या ड्रममधलं पाणी घेऊन मनसोक्त आंघोळ केली. घरची दिदी काही बोलली नाही. तासाभरानं ती खालच्या झऱ्यावरून चढ चढून आली. पाठीवर बांबूची टोपली, तिचा पट्टा कपाळावर, टोपलीत पाण्याचे दोन कॅन. टोपली उतरवली तेव्हा कपाळावर पट्ट्याचा लाल वळ होता. आम्ही नळाच्या वेळेला पिंपं भरून ठेवणाऱ्या गावचे, आम्हाला तरी हे कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून एका तांब्यात हात-पाय-तोंड, आंघोळ झऱ्यावर जाऊन. मीही तो पट्टा लावून बघितला. अर्धा कॅन वाटेतच सांडला आणि मान दोन दिवस धरली.

पाठवणाऱ्यांच्या माहितीपत्रकात 'राहण्याची उत्तम सोय' असं छापलं होतं. त्यांना परत आल्यावर हे सांगितलं, पण पुढच्या वर्षीच्या पत्रकातही तेच छापून आलं.

अथणीहून

मी कुठं गेले नाही, लेक गेला होता, नेपाळलाच. त्याच्या बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मीच कोंबली. "आई, तिथं सगळं मिळतं," म्हणत होता. आठव्या दिवशी फोन, चटणी संपली. त्यानं खाल्ली म्हणून नाही, तो राहिला त्या घरातल्या म्हातारीला फार आवडली म्हणून.

डबा परत आला तो रिकामा नव्हता. त्यात काळपट वाळका पाला, 'गुंद्रुक' म्हणे, आंबवून वाळवलेली भाजी. वास असा की यांनी डबा माडीवर नेऊन ठेवला. पण बाईनं एवढ्या लांबून पाठवलंय, टाकवत नाही. खानापूरवाले किंवा निपाणीवाले, तुम्ही खाल्लं असणार. हे किती वेळ भिजवायचं, आणि फोडणीला लसूण चालतो काय, तेवढं सांगा.