मदत हवी आहे : खो-खोच्या मुली, चूक एकीची आणि फेऱ्या सगळ्यांना?

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दोन वर्षांपूर्वी आमचे क्रीडाशिक्षक बदलून गेले आणि मुलींचा खो-खोचा संघ माझ्या गळ्यात पडला. शाळेत असताना मी खेळले होते, तेवढंच भांडवल. 12 मुली आहेत, सातवी ते दहावीच्या.

मुली चपळ आहेत, अडचण ती नाहीच. आक्रमणाला पाटीवर, म्हणजे रांगेतल्या आपापल्या जागी, बसतात तेव्हा एकीचं तोंड इकडे, शेजारणीचं तिकडे, हा तर नियमच. पण आमच्या मुलींची मनंही तशीच बसतात. तालुक्याला आम्ही एका गुणाने हरलो. शेवटच्या मिनिटात समोरची पळती, म्हणजे पळणारी खेळाडू, साखळी धरून, बसलेल्यांच्या मधून नागमोडी, पळत होती. आमची दहावीतली मुलगी बसलेल्या दोघींना खो न देता पुढे गेली, स्वतः सूर मारायला. गडी हुकला. दिशा घेतल्यावर खांब गाठल्याशिवाय माघारी फिरता येत नाही, तोवर पळतीने निवांत दम घेतला. सामना संपल्यावर ही म्हणते, "त्या तयारच नव्हत्या." त्या म्हणतात, "खो दिलाच नाही तर उठणार कशा?" कचेरीतली फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाते ना, तसा खेळ चाललाय. चूक आपली कुणीच म्हणत नाही.

त्यात जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. आपले दोन्ही संघ अंतिम सामन्यात नेपाळला हरवून जिंकले, महिला संघाची कर्णधार आपल्याच महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. मुलींनी सगळं मोबाईलवर पाहिलं. आनंदच आहे, पण तेव्हापासून प्रत्येकीला सूरच मारायचाय. त्या छोट्या व्हिडिओत सूर तेवढा दिसतो, त्याच्या आधीचे खो कापलेले असतात.

मी दोन गोष्टी करून पाहिल्या. पहिली म्हणजे एक जरी उशिरा आली तरी मैदानाला फेऱ्या सगळ्यांनी मारायच्या. आठवडाभर सगळ्या वेळेवर. मग सातवीतली एक मुलगी यायचीच बंद झाली. सकाळी डेअरीला दूध घालून येते, म्हणून उशीर व्हायचा. बाकीच्यांनी तिला "तुझ्यामुळे पळतोय" असं ऐकवलं होतं. मला फार लागलं ते. फेऱ्या बंद केल्या. मग उलटं केलं, कुणी किती गडी टिपले याचा तक्ता वर्गाबाहेर लावला. त्याने हाव आणखी वाढली.

आमच्या मुली पळतात तेव्हाही तेच. तिघी-तिघींच्या तुकड्या मैदानात उतरतात. पहिल्या तुकडीत दोघी पट्टीच्या आहेत, म्हणून तिसरी तुकडी मैदानात येते ती बाद व्हायलाच.

प्रत्येकीला आपली जबाबदारी कळावी आणि संघही फुटू नये, असं काय करता येईल?

---

जुनामैदानी : फेऱ्या चालू ठेवा. आम्हाला सर चिंचेच्या फोकाने मारायचे, तरी आम्ही एकत्रच होतो.

बाई_मराठीच्या : दादा, सरांच्या धाकाने एकत्र होतात की सरांच्या विरोधात, ते नंतर कळतं.

जुनामैदानी : हाहा. विरोधातच होतो.

खांबाजवळ : बाई, तक्ता काढू नका, तक्त्यात लिहिता काय ते बदला. तुम्ही फक्त शेवटचा हात लागला तिचं नाव लिहिताय. पळतीला कोंडीत आणणाऱ्या आधीच्या तिघींची नावं कुठे आहेत? गडी टिपला की शेवटचे तीन खो कुणी दिले तेही लिहा. आणि सरावात आठवडाभर सूर बंद. पाच खो झाल्याशिवाय गडी टिपायचा नाही. पहिले दोन दिवस वैतागतील.

दुसरं, उशिरा खो हा एकटीचा दोष नसतो. बसलेली टाचा टेकून, गुडघ्यांना मिठी मारून बसली असेल तर वेळेवर दिलेला खोही उशिराच पडतो. पंजावर बसायचं, हात जमिनीवर, नजर पळतीवर. बसलेल्या आठ जणी विश्रांती घेत नाहीत, हे त्यांना एकदा दाखवा. मोबाईलवर चित्रण करा, कॅमेरा पाठलागावर न ठेवता फक्त बसलेल्यांवर ठेवा. शब्दाचीही गरज पडणार नाही.

साखळीवाली : पळतीबद्दल सांगते, मी विद्यापीठापर्यंत खेळले आहे. त्या दोघी एकाच तुकडीत ठेवू नका, एकीला तिसरीत टाका. आणि एकेकीची वेळ जाहीर सांगण्यापेक्षा तुकडीची एकत्र वेळ सांगा. आक्रमण बहुतेकदा एकीच्याच मागे लागतं. तेव्हा उरलेल्या दोघींनी वाटेत न येणं, खांबाजवळ गर्दी न करणं, हे मोठं काम आहे आणि ते कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. आमची एक मैत्रीण फार वेळ टिकायची नाही, पण तिच्यामुळे दुसरी कधी बाद झाली नाही. तिला आम्ही कधीच बाहेर बसवलं नाही.

बाई_मराठीच्या : हे वाचून मीच तक्त्यावरचं नाव पुसून आले. नवीन तक्ता सोमवारपासून. त्या दहावीतल्या मुलीलाच लिहायला बसवू का? खो मोजताना तिला आपोआप दिसेल.

खांबाजवळ : एकटीला नको, शिक्षा वाटेल. रोज एक जण, पहिल्या दिवशी कप्तान.

साखळीवाली : आणि दुधाच्या मुलीचं काय झालं?

बाई_मराठीच्या : तिच्या घरी जाऊन आले. सराव पंधरा मिनिटं पुढे ढकलायचं मुलींनीच ठरवलं. काल आली. तरी पाच मिनिटं उशिराच.